खालची पट्टी नसलेला माणूस

अखिलकार्यालयमंडलाधीश्वर, खाकी फायलींच्या चतुरंग सेनेचे महासेनापती, कार्बनकागदकृष्णांगुली, अर्धविरामप्रतिपालक, अनावश्यकविशेषणविध्वंसक, त्रिकालफिल्टरकाफीव्रतस्थ, आंग्लक्रियापदसूक्ष्मभेदमार्तंड, पत्र्याची कपाटे निर्मिणाऱ्या कारखान्याच्या कर्मचारी विभागाचे प्रातःस्मरणीय वरिष्ठ अधीक्षक, श्रीमान अण्णा! एवढे वाचूनच तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता आणि त्या तुमच्या कब्बनपेठी मराठीत म्हणाला असता, ‘‘शास्त्री, स्वल्प कमी कर रे. मी मेलोय, पट्टाभिषेक नाही माझा.’’ तेव्हा कमी करतो. परंतु मला थोडी मोकळीक असावी. अर्धे आयुष्य उलटून गेल्यावर माणसापाशी शिल्लक राहतात ती विशेषणेच. क्रियापदे एकेक करून सोडून जातात. धावणे गेले, भांडणे गेले, वाट पाहणेही गेल्यातच जमा आहे. उरले बसणे आणि थकणे, आणि ही दोन्ही कर्मे मी सांप्रत अत्यंत निष्ठेने करीत असतो.

पत्राचे प्रयोजन सांगतो. बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात आपला कारखाना होता तिथे आता काचेची एक उत्तुंग वास्तू उभी आहे. जिथे यंत्राखाली पत्रा दुमडत असे तिथे तरुण मंडळी खुर्च्यांत दुमडून बसतात. दैवाची विनोदबुद्धी अशी की याच वास्तूत मी इतरांची इंग्रजी पत्रे शुद्ध करण्याची चाकरी करतो. तुम्ही शिकवलेली विद्या तुमच्याच भूमीवर विकतो, असे म्हणा. पण इथे कोणी बोलत नाही, अण्णा. सांगणे, विचारणे, म्हणणे ही सामान्य जनांची कर्मे इथून हद्दपार झाली आहेत. हे लोक ‘शेअर’ करतात. शंका आली की ‘फ्लॅग’ करतात, विचारायचे असले की ‘रीच आउट’ करतात, नको म्हणायचे असले की ‘पुश बॅक’ करतात. परवा एका पत्रात वाचले की ग्राहकाने आपला संताप ‘शेअर’ केला. जणू सत्यनारायणाचा प्रसाद. मी ते खोडून तिथे ‘सेड’ घातले. आमची प्रमुख पुण्याची, माझ्या कन्येच्या वयाची, स्वभावाने खरोखर सुशील मुलगी. ती म्हणाली, ‘‘सर, सेड खूपच फ्लॅट वाटतं ना? थोडं इमोशन हवं होतं.’’ त्या सपाट शब्दासाठी याच जागी एका माणसाने काय दिले ते सांगायला तिच्या दोन मीटिंगांमधली फट पुरली नसती. तुम्हाला मात्र वेळच वेळ आहे. म्हणून तुम्हाला लिहितो.

नव्वदचे दशक नुकते सुरू झाले होते तेव्हा मी पुण्याहून संस्कृतची पदवी घेऊन या नगरीत अवतीर्ण झालो. संस्कृतच्या पदवीधराला कपाटांच्या कारखान्यात टंकलेखक नेमणे हा या देशाच्या नियोजनाचा उत्कर्षबिंदू मानायला हरकत नाही. मला इंग्रजी येत असे, म्हणजे शब्द येत असत; ते कुठे ठेवायचे हे येत नसे. माझ्या पहिल्याच अहवालात फाटकावरच्या पहारेकऱ्याने ‘फाटक बंद आहे’ असे ‘स्क्रीम’ केल्याची नोंद होती. तुम्ही तो कागद हातात धरून माझ्या टेबलाशी उभे राहिलात. सबंध विभाग टंकायचा थांबला.

‘‘काय झालं रे त्याला? साप चावला?’’

‘‘नाही अण्णा. मोठ्यानं सांगितलं त्यानं, इतकंच.’’

‘‘मग स्क्रीम कशाला? स्क्रीमला भीती लागते, नाही तर वेदना. याला महिन्याचा पगार मिळतो फाटकावर ओरडायचा. शाउट लिही. आणि उद्यापासून असा अलंकार घालून आलास तर तुला शास्त्रीबुवा म्हणेन.’’

दुसऱ्या दिवशी मी काहीही न घालताच आलो, तरी तुम्ही शास्त्रीच म्हणालात, आणि ते नाव मला कारखान्याच्या अंतापर्यंत चिकटून राहिले. तुमचा सिद्धान्त असा होता की इंग्रजांनी माणसाच्या तोंडातून निघणाऱ्या प्रत्येक आवाजाला वेगळी खोली बांधून ठेवली आहे. एखाद्याला भलत्याच खोलीत घातलेत आणि वर कागदावर सही-शिक्का झाला की तो जन्मभर त्याच खोलीत सापडणार. मला तेव्हा ही अतिशयोक्ती वाटली. मी स्वतः अतिशयोक्तीचा व्यापारी असल्यामुळे दुसऱ्याचा माल चटकन ओळखतो, असा माझा समज होता.

त्यानंतर रविवारचे अध्ययन सुरू झाले. कब्बनपेठेत खाली तुमच्या मेहुण्यांचे शिवणकामाचे दुकान, वर तुमचे घर, आणि घराचा प्राण म्हणजे ते धुरकट, कॉफीच्या वासाचे स्वयंपाकघर. तिथल्या पाटावर मी बसलेलो आहे, तुम्ही भिंतीला टेकलेले आहात, आणि सबंध कुटुंब आमच्या नकळत उदाहरणे पुरवीत आहे. तुमच्या मातोश्री कोपऱ्यातल्या देवांपुढे हळू स्वरात स्तोत्र म्हणत आहेत. तुम्ही नुसती भुवई उचलता.

‘‘मंबल,’’ मी उत्तरतो.

‘‘चूक. मंबलमध्ये ओठ आळशी असतात. शब्द एकमेकांना चिकटतात नि बोलणाऱ्याला त्याची फिकीर नसते. आईचे शब्द सगळे सुटे आहेत, नुसते हळू. मर्मर.’’

मर्मर! गीर्वाणवाणीतही हाच शब्द, शुष्क पर्णांच्या सळसळीसाठी! मी हर्षभराने पाटावरून अर्धा उठलो. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘‘तुझ्याकडे पानं करतात, त्यांच्याकडे माणसं. दोघांच्या पोटात राग नसतो, एवढं ध्यानात ठेव आणि बस खाली.’’ इतक्यात चुलीपाशी अक्का, म्हणजे तुमच्या सौभाग्यवती, बरणी आपटून म्हणाल्या, ‘‘तूप संपलंय. कधीची सांगतेय. कोण ऐकतंय या घरात!’’

‘‘आणि हे?’’

‘‘मटर?’’

‘‘छे. मटर म्हणजे ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणायचं, आणि गेलं तर बरं असं मनात ठेवायचं. हिला सगळ्या पेठेला ऐकवायचंय. ग्रंबल.’’

अक्का वळल्या. ‘‘तुमचं ग्रंबल-बिंबल तुमच्याजवळ ठेवा. तूप नाही, एवढं सांगितलं मी.’’

‘‘सरी, बरं,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘मग तो स्टेट झाला. शास्त्री, लिहून घे: पत्नीने तूप नसल्याचे निवेदन केले.’’ आणि आंग्लक्रियापदमार्तंड पिशवी उचलून मुकाट्याने जिना उतरले. जिन्यावर तुमची कन्या मैत्रिणीच्या कानाशी लागलेली असे, तो ‘व्हिस्पर’. त्यात आवाज नसतो, नुसता श्वास शब्दांचा आकार घेतो, हे तुम्ही मला गळ्यावर बोटे ठेवून पटवले होते. खाली मेहुणे हुबळीच्या व्यापाऱ्याशी दूरध्वनीवर बोलत, तेव्हा मध्ये तारेची आवश्यकता काय असा प्रश्न पडे. तो ‘बेलो’. त्यात बैल असतो. राग असेलच असे नाही. अशा रीतीने मी एका सुखी कुटुंबाच्या कंठांवर परकी भाषा शिकलो, आणि वर दोन वेळचे जेवलोही.

आता त्या माणसाकडे येतो, ज्याच्याकडे यायचे मी इतका वेळ टाळले. तो निपाणीकडचा. देहाने काडी, आवाजाने नगारा. गावी तंबाखूच्या वखारीत पोती उचलून छातीत धूळ भरून घेतलेली. मग कोणाच्या तरी ओळखीने आपल्या कारखान्यात पत्रा दाबायच्या यंत्रावर लागला होता. मारतहळ्ळी तेव्हा गावच होते. तिथे त्याने एक खोली घेतली आणि बायको-मुलांना आणले. नोकरी गेली असती तर परत वखार, आणि ती छाती पुन्हा त्या धुळीत; हे त्याने स्वतः तुम्हाला सांगितले होते, मारतहळ्ळीहून थेट महादेवपुऱ्यात ऐकू यावे अशा स्वरात. त्याचा पर्यवेक्षक म्हैसूरचा, सज्जन, इतका मृदुभाषी की रागावला की आणखी हळू बोले. एके दिवशी या सज्जनाने त्याची पाळी न सांगता बदलली. जेवणाच्या सुट्टीत, सगळी यंत्रे थांबलेली असताना, हा त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘ओ साहेब, माजी पाळी कुणी बदलली ओ?’’ यंत्रे चालू असती तर ते वाक्य त्यांच्या गदारोळात विरून गेले असते. शांततेत ते भिंतींवर आपटून परत आले. पर्यवेक्षकाला वाटले, चारचौघांत आपला उद्धार झाला. त्याने तक्रार लिहिली, आणि व्यवस्थापकांनी आरोपपत्रात शब्द घातला: ‘शाउटेड’.

कारखान्याच्या नियमावलीत वरिष्ठावर ‘शाउट’ करणे हे बडतर्फीचे कारण होते. मोठ्याने बोलणे हे कशाचेच कारण नव्हते. आणि आपली पद्धत अशी की साक्षी व्हायच्या कन्नडमध्ये, तमिळमध्ये, दख्खनीत, क्वचित मराठीत. कागद व्हायचा इंग्रजीत. मधला पूल तुम्ही. साक्षीदार बोले, तुम्ही इंग्रजी सांगत, मी टंकत असे. त्यामुळे त्या माणसाची वखार की यंत्र, हे तुमच्या तोंडून कोणते क्रियापद निघते यावर ठरणार होते, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होते.

चौकशी कँटीनला लागून असलेल्या खोलीत भरते. चौकशी अधिकारी बाहेरून आणलेले वृद्ध वकील, गालात ज्येष्ठमधाची कांडी. पहिला साक्षीदार म्हणतो, ‘‘जोरागी मातनाडिदा, सार.’’ तुम्ही सांगता: ‘स्पोक लाउडली.’ व्यवस्थापक मध्येच हसून म्हणतात, अहो शाउटेडच लिहा की, अर्थ एकच.

‘‘सर,’’ तुम्ही म्हणता, ‘‘अर्थ एकच असता तर त्यांनी दोन शब्द कशाला पोसले असते? इंग्रज माणूस कंजूस.’’

दुसरा साक्षीदार म्हणतो, ‘‘कूगिदा.’’ व्यवस्थापकांचा चेहरा उजळतो, कारण कन्नडमध्ये तो ओरडला असाही त्याचा अर्थ होतो. तुम्ही साक्षीदाराला विचारता, हा तुला चहाच्या वेळी कसा बोलावतो? ‘‘हंगे कूगताने, सार,’’ तो निरागसपणे सांगतो. तसाच, त्याच आवाजात. ‘‘कॉल्ड आउट,’’ तुम्ही मला सांगता. वकिलांची ज्येष्ठमधाची कांडी एका गालातून दुसऱ्या गालात जाते.

मग आरोपी उभा राहतो. ‘‘मी वरडलो न्हाई ओ साहेब! इचारलो!’’ खिडकीच्या काचा थरथरतात. ‘‘ऐका!’’ व्यवस्थापक बोट दाखवतात. ‘‘आत्ता, आपल्यासमोर!’’ तुम्ही वकिलांकडे एका प्रश्नाची अनुज्ञा मागता आणि त्याला मराठीत विचारता, ‘‘सकाळी काय खाल्लंस रे?’’

‘‘उप्पीट, साहेब! बायकोनं मीठच घातलं न्हवतं बगा!’’

दार धाडकन उघडले. काठी घेतलेला पहारेकरी आणि त्याच्या मागे डाव उगारलेला कँटीनचा आचारी. ‘‘एनु गलाटे, सार?’’ तुम्ही चष्मा पुसत होतात. ‘‘गलाटे इल्ला,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘उप्पिट्टिगे उप्पु इल्ला.’’ भांडण नाही. उपिटात मीठ नाही. वकिलांना हसू आवरेना, ज्येष्ठमध घशात गेला, आणि पाणी आणेपर्यंत न्यायदान स्थगित झाले. मग तुम्ही जे बोललात ते मी टंकले नाही, कारण ती साक्ष नव्हती; पण पाठ आहे. ‘‘सर, आवाज चढवला म्हणायचं तर आधी तो कुठे तरी खाली असावा लागतो. आपण बेंगळुरूची माणसं, खालच्या पट्टीत जन्मतो, तिथंच मरतो. या माणसाला खालची पट्टीच दिलेली नाही. उपिटाची तक्रार ज्या आवाजात, त्याच आवाजात पाळीची.’’

हे इथे संपते तर मी याचे आख्यान लावून गावोगाव फिरलो असतो. पण दुपारी व्यवस्थापकांनी तुम्हाला काचेच्या केबिनमध्ये बोलावले. बाहेरून आम्हाला केवळ ओठ दिसत होते. सायंकाळी बसच्या थांब्याकडे चालताना मी विचारले, शाउट केले का त्यांनी?

‘‘नाही रे. मांडीवरचं मांजर घुरघुरतं तसे बोलले. त्याला इंग्रजीत पर म्हणतात, लिहून ठेव.’’ मग थोडे चालून तुम्ही सांगितलेत की इतिवृत्त सह्यांसाठी जाण्याआधी सगळीकडे ‘शाउटेड’ व्हायला हवे, आणि तुमच्या मुदतवाढीचा कागद त्यांच्या टेबलावर आहे, अशी दोन वाक्ये त्यांनी एकामागून एक म्हटली होती. मध्ये ‘म्हणून’ नव्हते. तुमची निवृत्ती त्याच वर्षी येत होती, आणि ती वाढीव वर्षे तुम्हाला किती हवी होती हे मला ठाऊक होते. कारखान्याविना तुम्ही काय कराल हे अक्कांनाही कळत नव्हते, तुम्हाला त्याहून कमी.

‘‘शास्त्री, तुझ्या संस्कृतात ओरडायला किती धातू?’’

मी आज्ञाधारकपणे मोजू लागलो: क्रुश्, रट्, नद्, नर्द्, गर्ज्, क्रन्द्...

‘‘आणि जन्मतःच तसा आवाज असणाऱ्याला?’’

‘‘नाही अण्णा. तसा धातू नाही.’’

‘‘त्यांच्याकडेही नाही. मग राहिला एकच.’’

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला संपूर्ण इतिवृत्त पुन्हा टंकायला लावलेत. साक्षीदारांची वाक्ये त्यांच्या तोंडी तशीच ठेवलीत. पण जिथे जिथे तो माणूस बोलतो असे आपण सांगत होतो, तिथे तिथे ‘सेड’. ‘क्राइड’ काढलेत, ‘एक्स्क्लेम्ड’ काढलेत, मला फार आवडलेले ‘रिटॉर्टेड’ काढलेत. ‘आन्सर्ड’सुद्धा ठेवले नाहीत. मी कुरकुरलो. ज्या गुरूने रविवारमागून रविवार मर्मर आणि मंबल यांतला भेद शिकवला तोच आता सगळ्या खोल्या पाडून एक ओसाड दिवाणखाना करीत होता. ‘‘मग ते स्वयंपाकघरातलं सगळं कशाला शिकवलंत?’’ मी विचारले.

‘‘ते घरच्यांसाठी,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘या सगळ्या शब्दांत लिहिणाऱ्याचं मत बसलेलं असतं. मटर लिहिलंस की तू त्याला कुढा ठरवलास, शाउट लिहिलंस की उर्मट. सेडमध्ये कुणी बसलेलं नाही. ज्यांची भाकरी आपल्या शब्दावर नाही, त्यांच्यावर उधळ हवे तेवढे. ज्याची आहे त्याला सेड.’’

वकिलांनी सही केली. आरोप सिद्ध झाला नाही. लेखी समज देऊन प्रकरण मिटले. तुमच्या मुदतवाढीच्या कागदाचे पुढे काय झाले हे कोणी ‘शेअर’ केले नाही. तो आलाच नाही.

इथवरचे मी लोकांना सांगतो, अण्णा. पुढचे सांगत नाही. तो माणूस यंत्रावर परत आला आणि हळू बोलू लागला. आधी सगळ्यांना गंमत वाटली. निपाणीचे आकाशवाणी केंद्र बंद पडले, असे त्याचे सोबती म्हणत. मग गंमत ओसरली. यंत्रांच्या गदारोळात त्याचे ओठ हलत आणि समोरचा ‘काय? काय?’ करीत असे. अखेर तो म्हैसूरचा पर्यवेक्षकच आपल्या विभागात आला. त्याच्या त्या मलमली स्वरात म्हणाला, अण्णा, तुम्ही तरी सांगा त्याला. सरक म्हणतो की थांब म्हणतो काही कळत नाही, एखाद्याचा हात जायचा. तुम्ही त्याला बोलावून घेतलेत. तो आला, उभा राहिला, दोन्ही हात पोटापाशी धरून.

‘‘अरे, बोल की पहिल्यासारखा. आता कोण काय करतंय तुला?’’

‘‘नको ओ साहेब,’’ तो म्हणाला. मी हातभर अंतरावर होतो तरी मला पुढे वाकावे लागले. ‘‘घरात बी असंच बोलतो आता. सवय र्‍हाऊ दे. बायको म्हनती, नवरा बदलून आला का काय.’’

तो हसला. तुम्ही हसला नाहीत. तो गेल्यावर तुम्ही बराच वेळ टेबलावरच्या टाचण्या एका दिशेला लावीत बसलात, आणि मी विचारले नाही. ते काय होते, याला तुमच्याकडे क्रियापद असते, तर तुम्ही आपण होऊन सांगितले असते.

तुमचा निरोप समारंभ कँटीनमध्येच झाला. व्यवस्थापक दीर्घकाळ बोलले. तुमच्या भाषाप्रभुत्वाचा त्यांनी तीनदा गौरव केला आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहिले, का ते त्यांनाच माहीत. शाल झाली, श्रीफळ झाले, मग कामगार एकेक करून हार घालायला आले. तो निपाणीकरही आला. हार घातला आणि तुमच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलला. तुम्ही मान तिरकी केलीत, डोळे बारीक केलेत, त्याचा दंड धरलात. त्याने पुन्हा ओठ हलवले आणि तो निघून गेला. रिक्षाकडे जाताना मी विचारले, काय म्हणाला?

‘‘ऐकू आलं नाही रे.’’

‘‘व्हिस्पर?’’

‘‘व्हिस्परमध्ये निदान श्वास असतो.’’

‘‘मग काय म्हणायचं त्याला?’’

‘‘काही लिहू नको,’’ तुम्ही म्हणालात, आणि नारळ माझ्या हातात दिलात.

पुढे कारखानाच बंद पडला. ओरडणारे, पुटपुटणारे, घुरघुरणारे सगळे एकाच फाटकातून बाहेर पडले. तो कुठे गेला ते मला कळले नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीच्या शोधात दुसऱ्या गावी होतो. येऊन पोचलो तर अक्का जिन्यात बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडून कोणताच आवाज येत नव्हता. तेव्हापासून एक प्रश्न मी बाळगून आहे. त्या शब्दापायी तुम्ही आपली वर्षे दिलीत, त्यामुळे त्या माणसाची छाती धुळीपासून वाचली, हे खरे. पण तो माणूस तुम्हाला जे सांगायला आला होता ते तुम्हाला ऐकू आले नाही, हेही त्याच शब्दाच्या खात्यावर मांडायचे का? की ते आरोपपत्राच्या? तुम्ही पहिले म्हणाला असता. मी दुसरे म्हणतो. परंतु दमलेल्या माणसाच्या मताला फारशी धार नसते, आणि तुमच्याशी वाद घालण्याचे बळ तर माझ्यात ऐन तारुण्यातही नव्हते. त्या मुलीने माझे ‘सेड’ खोडून काल ‘एक्स्प्रेस्ड’ केले. मी ते पुन्हा ‘सेड’ केले. ती पुन्हा खोडील. ग्राहक कोणत्याही क्रियापदाने संतापलेलाच राहील, आणि त्याची भाकरीही त्यावर नाही; तुमच्या नियमाने तिथे उधळपट्टीला मुभा आहे, हे मला ठाऊक आहे. तरी हात जात नाही.

हे पत्र पाठवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तुमच्या नगरीचा पिनकोड माझ्यापाशी नाही, आणि तिथल्या टपालखात्याविषयी आपल्या पुराणांत आश्चर्यकारक मौन आहे. मात्र मिटण्याआधी एक लहानशी कबुली द्यायला हवी. तुमचे प्रत्येक वाक्य मला आठवते. वर लिहिले त्यातले एकही मी रचलेले नाही. पण ती वाक्ये मला ऐकू येतात ती माझ्याच किंचित सानुनासिक, पुणेरी आवाजात. तुमचा आवाज कसा होता, अण्णा? घोगरा होता? बारीक होता? त्या निपाणीकराचा नगारा आजही कानांत जसाच्या तसा आहे. पर्यवेक्षकाची मलमल आहे, अक्कांची बरणी आहे. तुमच्या जागी नुसता ‘म्हणालात’ आहे. मी पुष्कळ प्रयत्न केला. डोळे मिटून, त्या बसथांब्यापर्यंत पुन्हा चालत जाऊन पाहिले. तुम्ही बोलता, मला कळते, आवाज येत नाही.

आणि आवाजांवरून निघालेच आहे म्हणून सांगतो. मी राहतो त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक अदृश्य बाई मजल्यांची घोषणा करते. उच्चार निर्दोष, स्वर मधुर, ‘अनाउन्स’ या क्रियापदाचा मूर्तिमंत आदर्श. मी चौथ्या मजल्यावर राहतो. गेला महिनाभर ती चौथ्याला पाचवा म्हणते आहे. पाचव्याला ती काहीच म्हणत नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावरचे एक वयस्कर गृहस्थ रोज सायंकाळी आमच्या कुलपाला आपली किल्ली लावून पाहतात, आणि दार उघडले की मलाच विचारतात, तुम्ही इथे काय करताय. सोसायटीच्या सचिवांना मी दोनदा भेटलो. ते म्हणाले, ‘‘होगली बिडी सर, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी.’’ जाऊ द्या, थोडे चालवून घ्या. लिफ्टच्या कंपनीला लिहिले, तर त्यांचे उत्तर आले की त्यांनी माझी चिंता संबंधितांशी ‘शेअर’ केली आहे. त्याला आता दहा-बारा दिवस होत आले. अजून कोणी आलेले नाही.